हवालदाराशेजारची खुर्ची

सोळाशे मीटर धावण्याला २० गुण, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. मैदान निघालं की १०० गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. उंची १६५ सेंटिमीटर, छाती ७९, फुगवून पाच जास्त. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होऊ पाहणाऱ्या मुलाला एवढं जमलं, कागदपत्रं पक्की निघाली, चारित्र्य पडताळणीत वावगं सापडलं नाही, की तो पोलीस. खुल्या प्रवर्गात वय अठरा ते अठ्ठावीस, शिक्षण बारावी. २०२४ मध्ये १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेमागं शंभर जण. इतक्या बारीक चाळणीत त्या मुलाला राग कशाचा येतो, आणि आला की तो काय करतो, हे पाहणारी एकही फेरी नाही.

एरवी हा प्रश्न आपल्याला पडतो तो मोबाईलवर व्हिडिओ आल्यावर. नाकाबंदीत एखाद्या पोरसवदा शिपायानं बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केलेलं असतं, कुठं मोर्च्यात खाली पडलेल्या माणसावर काठी चाललेली असते. दोन दिवस चर्चा होते. एक बाजू म्हणते, आजकालच्या पोरांना पोचच नाही. दुसरी म्हणते, बारा-बारा तास रस्त्यावर उभं राहून दाखवा, मग बोला. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे आणि दोन्ही बाजू त्या पोराकडंच बघत असतात. या विषयावरचं संशोधन, देशातले अहवाल आणि गेल्या काही वर्षांतल्या घटना शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की बघायचं ते त्याच्या शेजारी. वर्दी अंगावर चढल्यानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत तो कोणाजवळ बसतो, कोणाबरोबर गस्तीवर जातो, रात्रपाळीत कोणाच्या गप्पा ऐकतो, यावर त्याची भावनिक पक्वता बरीचशी ठरते. पण तिथं जाण्याआधी हा मुलगा कोण, ते पाहू.

मराठवाड्यात किंवा सांगली-सोलापूरकडं पहाटे साडेचारला तालुक्याच्या रस्त्यानं गेलात तर गाडीच्या उजेडात धावणारी पोरं दिसतात. 'ग्राउंड निघालं, लेखीत दोन मार्कांनी गेलं' हे वाक्य त्यांच्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी उच्चारलेलं असतं. घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, शहरात कॉट बेसिसची खोली, अकॅडमीची फी, मेसचा डबा. भरती कधी निघेल याचा नेम नाही, निघाली तर वय बसेल का याची धास्ती. तीन-चार वर्षं सगळं आयुष्य एका यादीवर टांगलेलं असतं. मग एक दिवस यादीत नाव लागतं. चौकात फलक, गुलाल, उघड्या जीपमधून मिरवणूक. काल ज्याला सोयरीकवाले दारात उभं करत नव्हते, त्याला आज गाव 'साहेब' म्हणतं.

त्यानंतर सुमारे नऊ महिन्यांचं मूलभूत प्रशिक्षण. मरोळ, खंडाळा, जालना, अकोला, बाभळगाव, तुरची अशा केंद्रांत. पहाटेची पीटी, कवायत, शस्त्र, लाठी, आणि दुपारी कायद्याचे तास. सकाळी इतकं पळवलेलं असतं की दुपारी डोळे मिटतात. चुकलं तर रगडा. इथं त्याला शिकवलं जातं की तू कोणी नाहीस, हुकूम झाला की पाय उचलायचा. कवायतीचा हेतू वाईट नाही. दंगलीत फळी तुटू नये म्हणून ती लागतेच. पण ठाण्यात रुजू झाल्यावर त्याला फळीत उभं राहण्याचे प्रसंग थोडे येतात आणि एकट्यानं ठरवायचे प्रसंग रोज. नवरा मारतो म्हणून आलेली बाई, दारू पिऊन आडवा पडलेला माणूस, पाच हजारांसाठी हमरीतुमरीवर आलेले भाऊ. हुकूम नाही, उस्ताद नाही, समोर रडणारा किंवा ओरडणारा माणूस आहे आणि आपण बावीस वर्षांचे आहोत. रस्त्यावर तो साहेब असतो. ठाण्यात मात्र सगळ्यांत धाकटा असल्यामुळं चहा सांगण्यापासून समन्स वाटण्यापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर पडतं. दिवसातून दहा वेळा मोठं आणि दहा वेळा छोटं होण्याचा हा खेळ कुठल्याही तरुणाचं डोकं फिरवायला पुरेसा आहे.

बावीस हे वय मेंदूच्या दृष्टीनं अर्धवट आहे, असं आता सर्रास सांगितलं जातं. मेंदूचा पुढचा भाग, जो आवर घालतो आणि परिणाम जोखतो, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो, एवढं खरं. पण त्यातली मेख लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडते. शांतपणे बसून विचार करायचा असेल तर सोळा-सतरा वर्षांचा मुलगाही मोठ्या माणसाइतका नीट विचार करतो. डोकं तापलेलं असलं किंवा बरोबरीचे भोवती असले की फरक पडतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग छापला. संगणकावर गाडी चालवायची, दिवा पिवळा झाला की थांबायचं की पुढं दामटायचं हे ठरवायचं. एकट्यानं खेळताना तिन्ही वयोगट जवळपास सारखेच वागले. सोबत मित्र बसवले तेव्हा किशोरांनी जास्त धोका पत्करला, अठरा ते बावीसच्या तरुणांनीही. चोविशीपुढच्यांवर मित्रांच्या असण्याचा फारसा परिणाम झाला नाही. आता एकाच बॅचची दहा पोरं एका गाडीत बसवून 'स्ट्रायकिंग'ला, म्हणजे गडबड झाली की धावून जाणाऱ्या पथकात, पाठवण्याची आपली पद्धत आठवा.

तरीही सगळं वयाच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. याच वयाचा एसटीचा वाहक भरल्या गाडीत रोज शंभर जणांशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतो आणि कोणाच्या कानाखाली वाजवत नाही. याच वयाची परिचारिका जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्र काढते. पोलिसाच्या बाबतीत वेगळं काय आहे? त्याला दुसऱ्याच्या शरीरावर जबरदस्ती करायचा अधिकार आहे. अशा अधिकारानं तरुण माणसाचं काय होतं, याचा सर्वांत चांगला अभ्यास माझ्या वाचनात आला तो पन्नास वर्षांपूर्वीचा.

विल्यम केर म्यूर हा अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या २८ तरुण पोलिसांबरोबर वेळ घालवला, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९७७ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात शहराचं नाव बदललेलं आहे. म्यूरनं दोन गोष्टी पाहिल्या. एक, माणसाच्या दुःखाची आणि दुबळेपणाची समज याला आहे का? सगळी माणसं आपल्यासारखीच कुठंतरी अडलेली असतात हे याला दिसतं, की जगात चांगले आणि वाईट असे दोनच कप्पे दिसतात? दुसरी गोष्ट, बळ वापरायची वेळ आली तर ते वापरून हा आपल्या मनाशी शांत राहू शकतो का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून चार प्रकार निघतात. त्यांना मी माझी मराठी नावं देतो. बळाला न कचरणारा पण माणसाची समज नसलेला तो दांडकेवाला. समज आहे पण बळ वापरायला मन धजत नाही तो सांभाळून घेणारा. असा माणूस बोलत राहतो आणि नेमक्या वेळी हात आखडतो. दोन्ही नसलेला तो अंग चोरणारा, ज्याची जीप नेहमी भांडण मिटल्यावर पोचते. आणि दोन्ही असलेला तो मुरलेला.

आपल्याकडं चर्चा फक्त दांडकेवाल्याची होते. पण सासरी छळ होतो म्हणून आलेल्या मुलीला 'घरातलं घरात मिटवा' सांगून परत पाठवणारा अंग चोरणाराही तितकाच अपक्व आहे. त्याचा व्हिडिओ निघत नाही एवढंच.

म्यूरच्या मांडणीतलं मला सर्वांत उपयोगी वाटलेलं सूत्र दराऱ्याचं आहे. ज्याचा दरारा मोठा, त्याला प्रत्यक्षात कठोर होण्याची गरज कमी पडते. जुना हवालदार वस्तीत नुसता उभा राहिला तरी आवाज खाली येतात. नव्या पोराकडं हा साठा नसतो, म्हणून तो हातानं मिळवू पाहतो. त्याला जोड असते ती दुसऱ्या एका अडचणीची: ज्याच्याकडं गमावण्यासारखं काही नाही त्याला धमकी लागू पडत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्या दारुड्याला नोकरी नाही, अब्रू नाही, उद्याचा विचार नाही. त्याला 'आत टाकीन' म्हटलं तर तो हसतो. त्या हसण्यावर तरुण शिपाई पेटतो. एवढ्यासाठी जन्मठेपा भोगलेले लोक आहेत.

मुरलेला कसा घडतो, याचं म्यूरनं दिलेलं उत्तर आश्चर्य वाटावं इतकं साधं आहे. त्याला बोलायला आवडायला हवं आणि त्याच्यावरचा सार्जंट शिकवणारा हवा. भाषा हेच या पोलिसाचं मुख्य हत्यार. आपल्याकडं सार्जंटच्या जागी हवालदार आणि सहायक फौजदार धरले तर हे जसंच्या तसं लागू होतं. 'बस, आधी पाणी पी, मग सांग' हे एवढेच शब्द किती भांडणं थंड करतात ते ज्यानं ठाण्यात तासभर काढलाय त्याला माहीत आहे. हे शब्द कुठल्याही अभ्यासक्रमात नाहीत. शेजारी बसून ऐकलेले असतात.

आता आपल्याकडच्या आकड्यांकडं. 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती-सीएसडीएस' यांनी २०१९ मध्ये देशातल्या एकवीस राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांना प्रश्न विचारून अहवाल काढला. ड्यूटी सरासरी चौदा तासांची निघाली. दर दोघांत एकाला साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. पाच वर्षांत सेवांतर्गत प्रशिक्षण मिळालेले जवान सरासरी सहा-साडेसहा टक्के होते. चारपैकी एकानं सांगितलं की वरिष्ठ घरची कामं सांगतात, पाचपैकी दोघांनी सांगितलं की वरिष्ठ शिवराळ बोलतात. आणि याच लोकांत चारपैकी तिघांना गुन्हेगाराशी हिंसक वागणं योग्य वाटत होतं. किरकोळ गुन्ह्यात न्यायालयात न जाता पोलिसांनीच शिक्षा करावी, असं ३७ टक्क्यांना वाटत होतं.

हे दोन प्रकारचे आकडे वेगवेगळे वाचले जातात, एक पोलिसांच्या हालांचा आणि एक पोलिसांच्या क्रौर्याचा. मला ते एकाच कागदाच्या दोन बाजू वाटतात. शिव्यांचीही उतरंड असते. साहेबानं निरीक्षकाला झापलं, निरीक्षकानं हवालदाराला, हवालदारानं शिपायाला. तळाचं मडकं रिक्षावाला. ज्याला कोणी कधी ऐकून घेतलं नाही त्यानं दुसऱ्याचं ऐकून घ्यावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

झोपेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तो विषय कुरकुरीचा समजून सोडून दिला जातो. सतत सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची नजर, हात आणि निर्णय रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके ढिले पडतात, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलं आहे. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे गणपतीच्या दिवसांत सगळ्यांच्या सुट्ट्या बंद असताना सकाळी हजेरीला आलेला आणि मध्यरात्री नाकाबंदीत श्वास तपासायचं यंत्र घेऊन उभा असलेला शिपाई, एक थेंबही न घेता, समोरच्या दारुड्याच्या पंगतीत बसलेला असतो. त्याच्याकडून आपण संयमाची अपेक्षा करतो.

ताणाचा मुद्दा मात्र कुठवर न्यायचा याचं भान ठेवायला हवं. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानानं सरकारी रायफलनं आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना ठार केल्याचा आरोप आहे. बरं वाटत नाही, ड्यूटीतून सोडा, असं तो म्हणत होता आणि त्याला पाळी पूर्ण करायला सांगण्यात आलं, हे सहकाऱ्याच्या जबाबात आलं. यावरून ताणावर बरेच लेख आले. पण मारले गेलेले तिन्ही प्रवासी मुसलमान होते आणि ते डब्याडब्यांतून निवडून मारले गेल्याचं तपासात पुढं आलं. थकवा माणसाचा ताबा सुटायला कारण होऊ शकतो. बंदूक कोणाकडं वळते, हे थकवा ठरवत नाही. ते आधीपासून मनात साठलेलं असतं, आणि ते साठत असताना बरॅकीत, व्हॉट्सॲपच्या गटात कोणी टोकत नाही.

शेजारच्या खुर्चीची गोष्ट सर्वांत लख्ख दिसते ती अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसमध्ये. २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर त्याचा जीव जाईपर्यंत गुडघा दाबून बसलेला पोलीस डेरेक शॉविन चव्वेचाळीस वर्षांचा होता, एकोणीस वर्षं नोकरी झालेला. त्याच्याबरोबरचे दोघे कोरे होते, स्वतंत्रपणे काम करायला लागून त्यांना आठवडाही झाला नव्हता. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, याला कुशीवर वळवू या का? शॉविन नको म्हणाला. त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. दुसऱ्या नवख्याच्या प्रशिक्षणकाळात शॉविन त्याचा शिक्षक होता. पुढं तिघांनाही शिक्षा झाली. मला या प्रकरणात सारखा आठवतो तो दोनदा विचारलेला प्रश्न. पक्व उत्तर नवख्याला माहीत होतं आणि ज्येष्ठासमोर ते टिकलं नाही.

उलटं टोक मेम्फिसचं. मनोरुग्णांशी बोलून प्रसंग निभावायचं खास प्रशिक्षण पोलिसांना देण्याची पद्धत १९८८ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि जगभर गेली. त्याच शहरात जानेवारी २०२३ मध्ये टायर निकल्स या तरुणाला पोलिसांनी मारहाण केली आणि तीन दिवसांनी तो रुग्णालयात मेला. ज्या पाच जणांना बडतर्फ केलं ते चोवीस ते बत्तीस वयाचे, सहा वर्षांच्या आतल्या नोकरीचे, एका खास पथकातले. शेजारी कोणी वडीलधारं नव्हतंच. सगळेच एकमेकांचे मित्र. पिवळ्या दिव्याचा तो संगणकावरचा खेळ इथं रस्त्यावर खेळला गेला.

ज्येष्ठ म्हणजे आपोआप पक्व, असं मात्र कोणी समजू नये. आपल्याच विदर्भातली १९७२ ची घटना आहे. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात रात्री थांबवून घेतलेल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी दोन, एक शिपाई आणि एक हवालदार. उच्च न्यायालयानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडलं, त्यावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या रात्री शिपायाशेजारी हवालदार होताच. म्हणून 'नव्यांना जुन्यांबरोबर ठेवा' एवढ्यानं भागत नाही. कोणत्या जुन्यांबरोबर, हे नाव घेऊन ठरवावं लागतं, आणि हे काम सगळीकडं टाळलं जातं.

तरुण पोलिसाला शिकवणारी तिसरी शाळा आहे, ती आपली. ११ ऑगस्ट २०१२ ला मुंबईत आझाद मैदानावरच्या सभेनंतर दंगल झाली. पोलिसांची शस्त्रं हिसकावली गेली, महिला पोलिसांशी गैरवर्तन झालं. आयुक्त अरूप पटनाईक यांनी तशातही आपल्या माणसांना आवरलं. गोळीबारात दोघे गेले, पण शहर पेटलं नाही. नंतर त्यांना काय मिळालं? नेभळटपणाचा शिक्का आणि काही दिवसांत बदली. त्याच महिन्यात निषेधाच्या सभेत गणवेशातल्या एका शिपायानं व्यासपीठावर जाऊन राज ठाकरे यांना गुलाब दिला. मार खाऊन हात आवरायला लावलं याचा राग त्या गुलाबात होता आणि तो राग समजण्यासारखाही होता. पण हजारो तरुण पोलिसांनी त्या आठवड्यात धडा घेतला तो हा की आवरणाऱ्याची बदली होते.

२०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. त्याच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. जीव घेण्याच्या हेतूनंच गोळीबार झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये आयोगानं दिला. तोवर फुलं वाळून गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ मध्ये पोलिसांच्याच कार्यक्रमात सांगितलं की 'सिंघम'सारखे चित्रपट कायद्याच्या प्रक्रियेबद्दल घातक अधीरता शिकवतात. खरं आहे. गंमत अशी की मराठी लेखकांनी याच विषयावर याच्या बरोबर उलटी गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी सांगून ठेवली होती. श्री. दा. पानवलकरांची कथा 'सूर्य', त्यावरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये केलेला 'अर्धसत्य'. त्यातला तरुण फौजदार वेलणकर बापाच्या धाकात वाढलाय, वरच्यांकडून अपमान गिळतोय, आणि तो सगळा अपमान कोठडीतल्या एका भुरट्या आरोपीवर निघतो. आरोपी मरतो. बापही पोलीस खात्यातलाच. भावनिक अपक्वता कुठून येते यावर मराठी माणसाला वेगळं पाठ्यपुस्तक लागू नये.

मग करता काय येतं? पहिला उपाय सगळेच सुचवतात: भरतीत मानसशास्त्रीय चाचणी. ती असावी. गंभीर आजार आणि उघड हिंस्रपणा तिच्यात बऱ्यापैकी सापडतो. पण अमेरिकेत ही चाचणी सर्रास होते आणि तिथल्या पोलिसांची कीर्ती आपण पाहतोच आहोत. चाचणी त्या दिवशीचा मुलगा दाखवते, पाच वर्षांनंतरचा शिपाई नाही. दुसरा उपाय, प्रशिक्षण लांबवा. नॉर्वेत पोलीस होण्यासाठी तीन वर्षांची पदवी लागते, जर्मनीत अडीच ते तीन वर्षं. अमेरिकेत सरासरी पाचेक महिन्यांची अकादमी. आपले नऊ महिने मधे कुठंतरी. महिने वाढवून कवायतच वाढणार असेल तर उपयोग शून्य.

पुरावा म्हणावा असं काम राजस्थानात झालं. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पोलिसांबरोबर १६२ ठाण्यांत प्रयोग केला. काही ठिकाणी बदल्या गोठवल्या, काही ठिकाणी साप्ताहिक सुट्टी, काही ठिकाणी कामाची अदलाबदल, आणि तपासाचं व लोकांशी बोलण्याचं प्रशिक्षण. प्रशिक्षणाचा फरक पडला, तक्रारदारांचं समाधान वाढलं. बदल्या थांबवल्याचाही थोडा गुण आला. साप्ताहिक सुट्टीचा परिणाम दिसलाच नाही, कारण ती नीट अमलातच आली नाही. वरून आदेश सुटला, ठाण्याच्या प्रमुखाला तो नको होता, विषय संपला. मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत महिला मदत कक्षांचा असाच प्रयोग झाला. तिथं महिलांच्या तक्रारी नोंदवण्याचं प्रमाण वाढलं, आणि महिला पोलीस होत्या तिथं जास्त. पुरुष अंमलदाराला हे जमू नये असं काही नाही. त्यानं ते कोणाला करताना पाहिलेलं नसतं.

ओकलंडमध्येच हान्स टॉक या मानसशास्त्रज्ञानं केलेला एक जुना उद्योगही आपल्याकडं कोणी करून पाहावा असा आहे. ज्यांचे वारंवार झटापटीचे प्रसंग येत होते अशाच पोलिसांना त्यानं एकत्र बसवलं आणि त्यांच्याचकडून त्या प्रसंगांचा अभ्यास करून घेतला. तू त्या वेळी काय बोललास, त्यावर तो काय म्हणाला, कुठल्या शब्दाला भडका उडाला? शिक्षा नाही, व्याख्यान नाही, बरोबरीच्यांची चौकशी. आपल्याकडं अशा प्रसंगानंतर कसुरी अहवाल निघतो किंवा पाठीवर थाप पडते. दोन्हींत त्या प्रसंगाबद्दल कोणी बोलत नाही.

महाराष्ट्राच्या खात्यात जमेला धरावी अशी एक गोष्ट आहे आणि ती खालून आली आहे. मुंबईतल्या देवनार ठाण्यातल्या एका शिपायानं आठ तासांच्या पाळ्यांचा तक्ता स्वतः बसवून वरिष्ठांना दाखवला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो फेकून दिला नाही. मे २०१६ मध्ये देवनारला तो लावून पाहिला आणि जानेवारी २०१७ पासून शहरातल्या सगळ्या ठाण्यांत नेला. पुढं तो किती टिकला, बंदोबस्त आला की काय झालं, यावर पोलीस लाइनीत वेगवेगळं ऐकायला मिळतं. मला त्यातलं मोल वाटतं ते तासांइतकंच ऐकून घेतल्याचं. आयुक्तानं ज्याचं ऐकलं त्या शिपायाला दुसऱ्याचं ऐकणं म्हणजे कमीपणा वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक ठाण्यात दोन-तीन मुरलेले हवालदार किंवा सहायक फौजदार असतात, आणि ते कोण हे त्या ठाण्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. आज त्यांच्यातला एक मुद्देमालाच्या खोलीत असतो, एक साहेबांच्या रायटरच्या टेबलावर, एक निवृत्तीचे दिवस मोजत. नवी पोरं भरतीतल्या मित्रांबरोबर गाडीत. २०२४ ची बॅच प्रशिक्षण संपवून आता ठाण्यांत बसू लागली आहे. कोणाची ड्यूटी कोणाबरोबर लावायची हे ठाण्याचा प्रभारी रोज ठरवतो. त्यासाठी मंत्रालयातून आदेश यावा लागत नाही.